“ताई, कमरेला पिस्तूल लावू का?” : एका गाजलेल्या शोधनिबंधाची तपासणी

संशोधनाला येऊ पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, या वेळी खरं तर मी तुम्हाला नमुना निवडीबद्दल सांगणार होते. पण मध्येच एक फोन आला आणि विषय बदलला.

फोन माझ्या मामेभावाचा होता. मी दौंडची, तो शिरूर तालुक्यातला. रांजणगाव एमआयडीसीत त्याचे दोन टेम्पो चालतात. कामाच्या वाटणीवरून कुणाशी तरी वाद झाला. समोरच्यानं ढाब्यावर टेबलाखालून शर्ट जरा वर केला आणि कमरेचं पिस्तूल दाखवलं. बोलला काहीच नाही. त्या रात्री भावाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक व्हिडिओ पाठवला आणि लगेच फोन केला. “ताई, यात म्हणतायत की अमेरिकेत संशोधनानं सिद्ध झालंय, लोकांनी पिस्तूल बाळगलं की गुन्हे कमी होतात. तू पीएचडी करतेस ना? मग सांग, लावू का कमरेला? मिळतंय एक.”

आता यावर “वेडा आहेस का” म्हणून फोन ठेवणं सोपं होतं, आणि पहिलं तेच माझ्या तोंडून गेलं. पण मग वाटलं, हा पोरगा संशोधनाचा हवाला देऊन प्रश्न विचारतोय. आपण पाच वर्षं लोकांना सांगतो की निर्णय पुराव्यावर घ्या, आणि कुणी पुरावा पुढे केला की त्याला गप्प बसवतो. हे बरोबर नाही. म्हणून मी त्या व्हिडिओच्या मागचे मूळ निबंध काढून वाचले. त्यांची ही तपासणी. विषय पिस्तुलाचा आहे, पण तुमच्या कुठल्याही विषयात याच चुका तुम्हाला भेटणार आहेत.

पहिला आकडा : वर्षाला 25 लाख

पिस्तुलाच्या बाजूनं सगळ्यात जास्त फिरणारा आकडा असा : अमेरिकेत दरवर्षी 25 लाख वेळा सामान्य माणूस बंदुकीनं स्वतःचा बचाव करतो. हा आकडा गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांच्या 1995 सालच्या निबंधातला. पद्धत साधी होती. 1993 साली त्यांनी टेलिफोनवरून 4977 प्रौढांना विचारलं की तुम्ही बचावासाठी बंदूक वापरली आहे का. गेल्या वर्षभरात वापरली असं सांगणारे निघाले सुमारे 1.33 टक्के. अमेरिकेतले प्रौढ तेव्हा साधारण 19 कोटी. गुणाकार करा, 25 लाख येतात.

गुणाकार बरोबर आहे, नमुनाही लहान नाही. मग घोटाळा कुठे आहे?

कागद-पेन घ्या. समजा 5000 लोकांना विचारलं आणि खरोखर असा प्रसंग आलेले त्यात फक्त 5 आहेत, म्हणजे 0.1 टक्का. उरले 4995. यांच्यातल्या दर शंभरात एकानं चुकीचं “हो” सांगितलं. कुणी पाच वर्षांपूर्वीची गोष्ट गेल्या वर्षीची म्हणून सांगेल, कुणी कुत्र्याला घाबरवलेलं सांगेल, कुणी फुशारकी मारेल. शंभरात एक म्हणजे फार नाही. पण 4995 चा एक टक्का म्हणजे जवळजवळ 50. तुमच्या हातात आले 55 “हो”. त्यातले खरे 5. उत्तर आलं 1.1 टक्के, म्हणजे खऱ्याच्या अकरा पट.

उलट्या बाजूनं चूक झाली तर? पाचही जण घाबरून “नाही” म्हणाले, तरी तुम्ही गमावता फक्त पाच. म्हणजे घटना दुर्मीळ असली की चूक दोन्ही बाजूंना सारखी झुकत नाही. वर जायला मोकळं मैदान असतं, खाली जायला जागाच नसते. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. दुर्मीळ आजार, दुर्मीळ अपघात, दुर्मीळ प्रजाती, सगळीकडे लागू पडतं.

हीच टीका डेव्हिड हेमेनवे यांनी 1997 मध्ये त्याच नियतकालिकात छापून आणली. त्यांनी 1994 सालच्या एका जनमत चाचणीचा दाखला दिला. त्यात दहा टक्के अमेरिकन लोकांनी परग्रहावरचं यान पाहिल्याचं सांगितलं होतं. तोच गुणाकार केला तर दोन कोटी लोकांनी यान पाहिलं असं मानावं लागेल.

मला त्यांची दुसरी तपासणी जास्त आवडते, कारण ती तुम्ही घरी बसून करू शकता. क्लेक यांच्या आकड्यांनुसार घरफोडीच्या वेळी बंदूक वापरल्याचे प्रसंग वर्षाला सुमारे 8 लाख 45 हजार होतात. आता दुसऱ्या बाजूनं या. त्या काळात घरात माणूस नक्की असताना झालेल्या घरफोड्या होत्या सुमारे 13 लाख. बंदूक असलेली घरं 42 टक्के. शिवाय अशा घरफोड्यांत दोन तृतीयांश वेळा घरची माणसं झोपलेली असत. 13 लाखांचे 42 टक्के, त्याचा एक तृतीयांश. येतात साधारण 1 लाख 80 हजार. म्हणजे जागे असलेल्या प्रत्येक बंदूकधारी माणसानं प्रत्येक वेळी बंदूक वापरली, तरी आकडा 8 लाख 45 हजारांपर्यंत पोचत नाही.

याला मी “भिंतीला टेकवून बघणं” म्हणते. तुमचा आकडा दुसऱ्या एखाद्या माहीत असलेल्या आकड्याला टेकवा. भिंतीच्या पलीकडे गेला तर मॉडेल कितीही देखणं असो, परत बसा.

क्लेक यांची बाजूही सांगायला हवी. त्यांचं म्हणणं, सरकारी सर्वेक्षणात लोक खरं बोलत नाहीत, कारण आपली बंदूक कायदेशीर होती का याची त्यांना धास्ती असते. तिथल्या सरकारी सर्वेक्षणातून येणारा आकडा लाखाच्या घरात असतो. हा आक्षेप अगदी पोकळ नाही. पण एका मापाला खोट आहे म्हणून दुसरं माप आपोआप खरं ठरत नाही.

दुसरा निबंध : कायदा आला, गुन्हे घटले?

भावाच्या व्हिडिओचा खरा पाया जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांचा 1997 सालचा निबंध. पुढच्याच वर्षी लॉट यांनी त्यावर ‘मोअर गन्स, लेस क्राइम’ हे पुस्तक काढलं. अमेरिकेत राज्याराज्यात वेगवेगळ्या वेळी असे कायदे आले की ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या माणसाला अंगावर लपवून पिस्तूल बाळगायचा परवाना द्यावाच लागेल. लॉट आणि मस्टर्ड यांनी 1977 ते 1992 या काळातली सगळ्या काउंट्यांची गुन्ह्यांची आकडेवारी घेतली. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं एकक. निष्कर्ष : ज्या राज्यांत हा कायदा नव्हता त्यांनी तो 1992 मध्ये केला असता, तर वर्षाला सुमारे 1570 खून टळले असते.

पद्धत समजून घेऊ. समजा शिरूरला एखादा नवा नियम लागू केला, दौंडला नाही. नियमानंतर शिरूरचे अपघात किती बदलले ते बघायचं, त्याच काळात दौंडचे किती बदलले ते बघायचं, आणि दोन्हीतला फरक हा नियमाचा परिणाम मानायचा. माझा स्वतःचा पीएचडीचा विषय रस्ते अपघातांच्या नोंदींचा आहे, त्यामुळे या पद्धतीशी माझी रोजची गाठ आहे. ती चांगली पद्धत आहे. पण तिला एक अट आहे : नियम आला नसता तर शिरूर आणि दौंड सारखेच चालले असते, हे पटायला हवं. त्याच वर्षी दौंडच्या बाजूला सोलापूर रस्त्याचं खोदकाम निघालं आणि तिथले अपघात वाढले, तर शिरूरचा नियम काही न करताच शहाणा ठरेल.

अमेरिकेत नेमकं असंच झालं असण्याची दाट शक्यता आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या मोठ्या शहरांत क्रॅक कोकेनची लाट आली आणि तिच्याबरोबर खूनही वाढले. न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया यांसारखी जी मोठी शहरी राज्यं त्यात होरपळली, त्यांनी हा कायदा केलेला नव्हता. ज्यांनी केला त्यांत ग्रामीण राज्यं बरीच. म्हणजे तुलनेच्या बाजूला आग लागलेली होती, आणि आग नसलेल्या बाजूचं श्रेय कायद्याला गेलं.

1998 मध्ये डॅन ब्लॅक आणि डॅनियल नेगिन यांनी तोच डेटा घेऊन एक साधी गोष्ट केली. एक राज्य, फ्लोरिडा, बाजूला काढलं. खून आणि बलात्कार यांवरचा कायद्याचा परिणाम नाहीसा झाला. इतक्या राज्यांचा निष्कर्ष एका राज्याच्या खांद्यावर उभा असेल, तर तो निष्कर्ष त्या राज्याबद्दल आहे. तुम्ही प्रबंधात एखादं मॉडेल बसवाल तेव्हा एकेक गाव, एकेक वर्ष काढून परत चालवून बघा. परीक्षकानं सांगण्याआधी आपणच केलेलं बरं.

पुढे 2004 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीनं सगळा पुरावा तपासला आणि सांगितलं की या कायद्यांमुळे गुन्हे वाढतात की घटतात, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. समितीतले एक सदस्य, जेम्स विल्सन, खुनांच्या बाबतीत असहमत होते आणि त्यांनी तसं लिहून दिलं. त्यानंतर 2019 मध्ये जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत वापरली. प्रत्येक राज्यासाठी त्याच्यासारखं दिसणारं “जुळवलेलं” राज्य तयार करून तुलना केली. उत्तर उलटं आलं. कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे एरवी असते त्यापेक्षा सुमारे 13 ते 15 टक्के जास्त.

व्हिडिओत “सिद्ध झालंय” म्हणतात ते एवढंच. 1997 चा एक निबंध घेतला आणि पुढची वीसबावीस वर्षं गाळली.

लॉट यांच्या बाजूनं एक गोष्ट ठामपणे नोंदवते. त्यांनी आपला काउंट्यांचा डेटा इतर संशोधकांना दिला. दिला म्हणूनच दोष सापडले. त्यांच्याच बाबतीत दुसरी गोष्टही घडली. बचावाच्या बहुतेक प्रसंगांत नुसतं शस्त्र दाखवून भागतं, हे सांगणारा 98 टक्क्यांचा आकडा त्यांनी आपल्या 1997 च्या सर्वेक्षणातून आल्याचं सांगितलं, आणि तो डेटा संगणक बिघडून गेला असं त्यांचं म्हणणं. 2002 मध्ये त्यांनी पुन्हा सर्वेक्षण केलं, पण पहिलं आता कुणालाच तपासता येत नाही. यातून घ्यायचा धडा निंदेचा नाही. आज संध्याकाळी तुमच्या डेटाची दुसरी प्रत कुठे आहे ते बघा.

कायदा म्हणजे कमरेवरचं पिस्तूल नव्हे

आता माझा स्वतःचा आक्षेप. या सगळ्या निबंधांत मोजलं काय? कायदा लागू झाल्याचं वर्ष. आणि सांगितलं काय? पिस्तूल बाळगण्याचा परिणाम. या दोन्हींच्या मधे बरंच काही आहे.

पूर्ण आकाराचं पिस्तूल कसं असतं ते बघा. ग्लॉक 17 घ्या, जगभर पोलीस वापरतात ते. लांबी सुमारे 20 सेंटिमीटर, सतरा गोळ्या, भरलेलं असताना वजन पाऊण किलोहून जास्त. हे धूड मे महिन्यात, शिरूरच्या उन्हात, पातळ शर्टाखाली दिवसभर वागवायचं. बसताना टोचणार, वाकताना दिसणार, मोटारसायकलवर सरकणार, बाळाला उचलताना मधे येणार. परवाना काढणारे पुष्कळ, रोज वागवणारे थोडे. 2015 सालच्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणातून अंदाज निघाला की महिन्याभरात कधीतरी भरलेलं पिस्तूल अंगावर बाळगलेले अमेरिकन प्रौढ 90 लाख होते आणि रोज बाळगणारे 30 लाख. 2019 मध्ये हेच आकडे 1 कोटी 60 लाख आणि 60 लाख झाले.

म्हणजे परवाना, कधीतरी बाळगणं आणि रोज बाळगणं ही तीन वेगळी चलं आहेत. शिवाय जो माणूस एवढा त्रास सोसून रोज मोठं पिस्तूल वागवतो, तो बाकीच्यांसारखा नसतो. त्याला धोका जास्त असेल, किंवा भीती जास्त असेल, किंवा रग जास्त असेल. त्याच्या आयुष्यात पुढे जे घडेल ते पिस्तुलामुळे की त्या कारणामुळे, हे वेगळं काढणं फार अवघड.

तुमच्या विषयात विचारा : मला जे म्हणायचंय ते मी मोजलंय, की त्याच्या शेजारचं काहीतरी?

माझीच चूक : शिरूर-दौंडचा नकाशा

दुसऱ्यांच्या चुका सांगून झाल्या, आता माझी.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी उत्साहानं एक छोटं काम केलं होतं. वर्तमानपत्रांतून “गावठी कट्टा जप्त”, “पिस्तूल व जिवंत काडतुसांसह एकास अटक” अशा बातम्या गोळा केल्या. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, दौंड, यवत अशी पोलीस ठाणी घेतली, नकाशावर वर्तुळं काढली. जास्त जप्ती, मोठं वर्तुळ. छान लाल नकाशा झाला. शीर्षक दिलं, ‘बेकायदा पिस्तुलांचं वितरण’. विभागात सादर केला.

मॅडमनी शांतपणे विचारलं, “हा पिस्तुलांचा नकाशा आहे, की नाकाबंदीचा?”

मला उत्तर देता आलं नाही. स्थानिक गुन्हे शाखेनं एखाद्या ठाण्याच्या हद्दीत महिनाभर लक्ष घातलं की जप्ती वाढते. निवडणूक आली की तपासणी वाढते, जप्ती वाढते. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी हे गावठी पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध गाव. तिथे 2025 च्या नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी जाऊन छापे घातले, भट्ट्या मोडल्या. अशा कारवाईनंतर जप्तीचे आकडे फुगले तर पिस्तुलं वाढली म्हणायचं की कमी झाली? आणि जिथे कुणी तपासतच नाही तिथे माझ्या नकाशावर पांढरंशुभ्र. तिथली पोरं साधू आहेत असं थोडंच आहे?

दुसरी भानगड नंतर कळली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात मुख्य गुन्ह्याचा नियम असतो. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर मोजणीत सगळ्यात गंभीर गुन्हाच धरतात. म्हणजे कट्ट्यानं खून झाला की तो खुनात मोजला जातो, शस्त्र कायद्याच्या खात्यात नाही. ज्या पिस्तुलानं सगळ्यात मोठं नुकसान केलं, तेच शस्त्रांच्या आकड्यातून गायब. मी हा नियम न वाचता त्या अहवालावर दोन पानं लिहिली होती. फाडली.

तक्ता वापरायच्या आधी तो भरतो कोण, कधी भरतो, आणि काय भरत नाही, हे शोधा. मला हे एका अपमानात शिकायला मिळालं, तुम्ही फुकटात घ्या.

लपवायचं कुणापासून?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि तो मला ग्रंथालयात नाही, ढाब्याच्या त्या गोष्टीवरून सुचला.

लॉट यांच्या सिद्धान्ताचं इंजिन “लपवलेलं” या शब्दात आहे. पिस्तूल दिसत नाही, म्हणून चोराला कळत नाही की कुणाकडे आहे. मग तो सगळ्यांनाच घाबरतो. ज्यांच्याकडे नाही त्यांनाही फुकट संरक्षण मिळतं. कागदावर सुंदर कल्पना आहे.

आपल्याकडे काय चालतं? आपला कायदा वेगळा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगताच येत नाही. परवाना देणं हे ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात, पोलिसांचा अहवाल घेऊन. 9 मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य माणसासाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. परवानाधारकाला मिळतं ते साधारण.32 बोअरचं. आणि गंमत म्हणजे 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते पूर्ण झाकलेलंच असायला हवं. म्हणजे कायद्याला लपवलेलं चालतं, दाखवलेलं नाही. 2019 च्या दुरुस्तीनं लग्नावरातीत हवेत गोळ्या झाडणं हाही गुन्हा ठरवला.

आपल्या भागातलं बेकायदा पिस्तूल मात्र बरोबर उलटं वागतं. ते लपवायचं असतं पोलिसांपासून, आणि दाखवायचं असतं गावाला. स्टेटसला फोटो, वाढदिवसाच्या केकशेजारी फोटो, ढाब्यावर शर्ट वर. जमिनीचे पैसे, एमआयडीसीतली कामं, नदीतली वाळू, या सगळ्यांभोवती जी दहशत लागते ती न दिसणाऱ्या शस्त्रानं तयार होत नाही. ‘मुळशी पॅटर्न’ 2018 मध्ये आला तेव्हा आमच्याकडच्या पोरांना त्यात स्वतःचं गाव दिसलं होतं, ते उगाच नाही.

म्हणून अमेरिकेतला निष्कर्ष अगदी बिनचूक असता, तरी इथे लावता आला नसता. तिथे यंत्रणा “कुणाकडे आहे हे माहीत नाही” या अनिश्चिततेवर चालते. इथे “माझ्याकडे आहे हे लक्षात ठेव” या निश्चिततेवर. नाव एकच, पिस्तूल. काम वेगळं. परदेशी निबंध इथे लावण्याआधी आकडा आणू नका, आधी यंत्रणा आणा. ती इथे चालू होते का बघा.

एक घटना, आणि तिचा योग्य उपयोग

दौंडमध्ये मोठे झालेल्या कुणालाही जानेवारी 2018 आठवेल. राखीव दलातल्या एका पोलिसानं गावात गोळ्या झाडून तिघांना ठार केलं. आमच्या घरी त्या दिवशी कुणी बाहेर पडलं नाही.

कुणी म्हणेल, बघा, प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातूनही असं होतं, म्हणजे पिस्तूल वाईटच. थांबा. एका घटनेवरून दर काढता येत नाही. दौंडमध्ये राखीव पोलीस दलाचे गट आहेत, हजारो जवान येऊन गेले, त्यांच्या हातून असं काही झालं नाही. मग त्या घटनेचा उपयोग काय? एकच. कुणी “चांगल्या, शिकवलेल्या माणसाच्या हातात शस्त्र असेल तर धोका नाहीच” असं सरसकट विधान केलं, तर ते खोडायला एक उदाहरण पुरतं. “नेहमी” आणि “कधीच नाही” यांना एक घटना पाडते. “किती वेळा” याला मोजणीच लागते. माझ्या दुःखाचं वजन कितीही असलं, तरी तक्त्यात ती एकच नोंद आहे. हे लिहायला मला जड जातं, पण संशोधन करायचं तर हे करावं लागतं.

मग भावाला काय सांगितलं?

अमेरिकेत असं ठरलंय म्हणून नको, असं मी सांगितलं नाही. कारण राज्यभराची सरासरी एका माणसाच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. “कायदा केला तर समाजात काय होतं” आणि “मी बाळगलं तर माझं काय होईल” हे दोन प्रश्न निराळे आहेत. दुसऱ्या प्रश्नाला जवळचा पुरावा मी त्याला सांगितला. कॅलिफोर्नियातल्या 2 कोटी 60 लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासणारा अभ्यास 2020 मध्ये आला. त्यात पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये आत्महत्येचं प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या तीन पटींहून जास्त, बायकांमध्ये सात पटींहून जास्त. 2022 मध्ये त्याच गटानं दाखवलं की पिस्तूल मालकासोबत राहणाऱ्या माणसांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त. हेही निरीक्षणावर आधारलेले अभ्यास, त्यांनाही मर्यादा, आणि कॅलिफोर्निया म्हणजे शिरूर नव्हे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न तरी भावाच्या प्रश्नाच्या जवळचा होता.

तो म्हणाला, “म्हणजे मला नाही, घरातल्यांना धोका?”

मी म्हटलं, “तुला पिंपरखेडच्या बायका आठवतात? बिबट्याच्या भीतीनं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायच्या?” 2025 च्या पावसाळ्यानंतर शिरूर तालुक्यात तेच चाललं होतं. “तो पट्टा घातल्यानं शेजारणीचा धोका वाढत नाही. तू कमरेला कट्टा लावलास की वहिनीचा वाढतो, टेम्पोवरच्या पोराचा वाढतो, आणि ढाब्यावरचा तो माणूस पुढच्या वेळी नुसता शर्ट वर करून थांबणार नाही. तुझ्याकडे आहे हे कळल्यावर त्याला आधी हात टाकावासा वाटेल. तुझी भीती खरी आहे. उपाय मात्र असा आहे की त्याची किंमत दुसरेच मोजतील.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “आणि तक्रार केली तर माझं काम बंद पडलं तर?”

याचं उत्तर कुठल्याही निबंधात नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी एवढंच केलं, शनिवारी गाडी पकडून शिरूरला गेले आणि त्याच्याबरोबर लेखी तक्रार द्यायला गेले. पोच घेतली. त्यातून काय होईल ते होईल. कट्टा त्यानं घेतला नाही. परवान्यासाठी अर्ज करावा का, यावर आमचं अजून एकमत नाही.

जाता जाता गृहपाठ

तुमच्या विषयातला, सगळे “सिद्ध झालंय” म्हणतात असा एक निष्कर्ष निवडा आणि मूळ निबंध काढून पाच प्रश्न विचारा. घटना दुर्मीळ आहे का, असेल तर खोटे “हो” किती असू शकतात? आकडा दुसऱ्या आकड्याच्या भिंतीला टेकवला तर टिकतो का? एक गाव किंवा एक वर्ष काढलं तर निष्कर्ष उरतो का? जे मोजलं तेच सांगितलंय का? आणि ज्या यंत्रणेमुळे हा परिणाम होतो असं म्हणतात, ती तुमच्या गावात चालू आहे का?

उत्तरं कमेंटमध्ये टाका, मी वाचते. आणि तुमच्या घरातूनही असा एखादा फोन आला, तर “वेडा आहेस का” म्हणायच्या आधी एक दिवस मागून घ्या. वाचून सांगते म्हणा. माझा भाऊ त्या एका दिवसासाठी थांबला होता.

नमुना निवडीचा राहिलेला लेख पुढच्या वेळी.